फाइलीतली डिस्क : एका आभासी वस्तूचा इतिहास

इतिहासाचे साधन म्हटले की आपल्याला कागद आठवतो. मोडी रुमाल, पत्रे, वहीखाती, फार तर ताम्रपट. परंतु गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपल्याकडे जी पुस्तके, दिवाळी अंक, स्मरणिका आणि संस्थांचे अहवाल छापले गेले, त्यांतल्या बहुतेकांचा मजकूर आधी कुठल्यातरी संगणकाच्या हार्ड डिस्कवर जुळवला गेला. ती हार्ड डिस्क हे या काळाचे दप्तर आहे. कागदाला वाळवी लागते, तरी शे-दोनशे वर्षे तो तग धरतो. हार्ड डिस्क मात्र दहा-पंधरा वर्षांत बंद पडू शकते, आणि पडली की तिच्यावरची एक ओळही डोळ्यांनी वाचता येत नाही.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे त्यातल्या फाइली नव्या संगणकावर उतरवून घेणे. मराठीच्या बाबतीत तो पुरा पडत नाही. युनिकोडच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती आणि विंडोज २०००मध्ये देवनागरीची सोयही आली. पण छापखान्यांचे काम पुढेही बरीच वर्षे पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम, मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी अशा प्रणालींवर चालले. प्रत्येकीच्या फाँटची आतली सांकेतिक मांडणी निराळी. दोष कोणाचा नाही, तेव्हा सर्वांना सोयीची दुसरी वाट नव्हती. त्या काळातली फाइल आज उघडली तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. फाइलीबरोबर तो फाँट, ते सॉफ्टवेअर आणि ते जुने विंडोज असेल तरच ती ‘जशी होती तशी’ वाचता येते. थोडक्यात, फाइल जपून भागत नाही, अख्खी डिस्क जपावी लागते.

अख्खी डिस्क एका फाइलीत ठेवण्याची सोय आज प्रत्येक विंडोज संगणकात आहे. तिला आभासी डिस्क म्हणतात. अशी फाइल जोडली की संगणक तिला खरी डिस्क समजतो, तिला ‘व्ही’ किंवा ‘एक्स’ असे अक्षर देतो आणि तिच्यावर लिहू-वाचू लागतो. काम झाले की ती सोडवायची, की पुन्हा ती साधी फाइल. ही सोय कुठून आली, तिच्या पोटात काय आहे आणि जतनाच्या कामाला तिच्यावर कितपत विसंबता येईल, हे मी या लेखात मांडतो आहे. संगणकशास्त्राचे शिक्षण मी घेतलेले नाही. प्रसिद्ध झालेले तांत्रिक आराखडे वाचत आणि फाइलींचे बाइट तपासत जे समजत गेले, ते हे.

मिनीडिस्क

या कल्पनेचे मूळ विंडोजच्या कितीतरी आधी सापडते. १९६०च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज येथे आयबीएमचे एक संशोधन केंद्र होते. तिथे रॉबर्ट क्रीझी यांच्या गटाने सीपी-४० नावाची प्रणाली बनवली. ती जानेवारी १९६७मध्ये नियमित वापरात आली आणि पाठोपाठ सीपी-६७ ही तिची पुढची पिढी आली. तेव्हाचा संगणक एक आणि वापरणारे अनेक. या प्रणालीने प्रत्येकाला असा भास दिला की हा अख्खा संगणक माझ्या एकट्याचाच आहे.

संगणक स्वतंत्र, तर त्याची डिस्कही स्वतंत्र हवी. म्हणून खऱ्या मोठ्या डिस्कचे लहान तुकडे पाडून एकेकाला दिले गेले. त्यांना मिनीडिस्क म्हणत. पुढे १९७२ साली आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केली. तिच्यात ‘लिंक’ ही कमांड देऊन आणि परवलीचा शब्द सांगून दुसऱ्याची मिनीडिस्क आपल्या यंत्राला जोडता येई. डिस्क म्हणजे हातात धरायची वस्तू, ही समजूत इथे प्रथम ढिली झाली. डिस्क ही कमांड देऊन जोडायची आणि सोडायची गोष्ट ठरली. मात्र ती अजून फाइल झालेली नव्हती.

डॉसच्या काळातले दोन प्रयोग

घरगुती संगणकावर हा भास दोन वाटांनी आला. पहिली वाट १९८४च्या पीसी-डॉस ३.० मधली. त्यात व्हीडिस्क.सिस नावाचा प्रोग्रॅम होता. कॉन्फिग.सिस या फाइलीत एक ओळ लिहिली की संगणकाच्या मेमरीचा एक भाग डिस्कसारखा वागू लागे. वेग उत्तम, पण वीज गेली की डिस्कही गेली. ‘व्हीडिस्क’ हा शब्द लक्षात ठेवावा. पंचवीस वर्षांनी विंडोजमध्ये हाच शब्द पुन्हा भेटतो.

दुसरी वाट अधिक महत्त्वाची. हार्ड डिस्क महाग होत्या आणि लहान होत्या. म्हणून स्टॅक इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९९०मध्ये ‘स्टॅकर’ आणले. मजकूर दाबून साठवणारे आणि डिस्कची क्षमता जवळजवळ दुप्पट करू पाहणारे हे सॉफ्टवेअर होते. मार्च १९९३मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉस ६.० बरोबर ‘डबलस्पेस’ दिले. त्याची युक्ती अशी होती : खऱ्या डिस्कवर डीबीएलस्पेस.००० नावाची एक लपवलेली मोठी फाइल असे. संगणक सुरू झाला की हीच फाइल ‘सी’ ड्राइव्ह म्हणून पुढे येई आणि खरी डिस्क ‘एच’ वगैरे अक्षर घेऊन मागे जाई. म्हणजे ज्यावर आपण रोज काम करत होतो ती डिस्क नव्हतीच, एक फाइल होती. ‘डबलस्पेस’ या कमांडला क्रिएट, माउंट, अनमाउंट, साइझ, लिस्ट अशी शेपटे लावून ती सांभाळता येई. आजच्या कमांडांचे हे थेट पूर्वज.

या प्रकरणाचा शेवट कोर्टात झाला. स्टॅकने पेटंटभंगाचा दावा लावला. फेब्रुवारी १९९४मध्ये ज्युरीने मायक्रोसॉफ्टने स्टॅकला १२ कोटी डॉलर द्यावेत असा निर्णय दिला, आणि मायक्रोसॉफ्टच्या प्रतिदाव्यापोटी स्टॅकने १ कोटी ३६ लाख डॉलर द्यावेत असेही म्हटले. एमएस-डॉस ६.२१ मधून डबलस्पेस काढून टाकले गेले. ६.२२ मध्ये ‘ड्राइव्हस्पेस’ नावाने वेगळी पद्धत आली. विंडोज ९५ आणि ९८ला या डिस्का वाचता येत होत्या. पण विंडोज एनटीच्या घराण्याला त्या कधीच वाचता आल्या नाहीत, आणि २००१च्या एक्सपीपासून घरोघरी याच घराण्यातले विंडोज आले.

परिणाम असा, की १९९३-९४ सालची डबलस्पेस केलेली एखादी डिस्क आज धडधाकट हाती आली, तरी नव्या विंडोजला तिच्यावर एक लपवलेली फाइल तेवढी दिसते. आतला सगळा मजकूर त्या फाइलीत बंद. तो काढायचा तर जुने डॉस चालवणे हाच सरळ मार्ग. फाइलीत डिस्क ठेवणे सोपे आहे. ती पुढच्या पिढीला उघडता यावी, ही गोष्ट आपोआप घडत नाही.

कनेक्टिक्सची मोहोर

आजच्या विंडोजमधल्या आभासी डिस्कचा उगम कॅलिफोर्नियातील कनेक्टिक्स या कंपनीत आहे, आणि तोही मॅकिंतॉश संगणकासाठी केलेल्या कामात. १९८८ साली निघालेल्या या कंपनीने १९९७मध्ये ‘व्हर्च्युअल पीसी’ आणले. मॅकवर विंडोज चालवून दाखवणारे हे सॉफ्टवेअर. आतल्या विंडोजला हार्ड डिस्क हवी, म्हणून मॅकवरची एक फाइल तिची डिस्क बने. २००१मध्ये व्हर्च्युअल पीसी विंडोजवरही आले. फेब्रुवारी २००३मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले आणि त्याच वर्षी कनेक्टिक्सचा कारभार आटोपला.

कंपनी गेली, पण तिची मोहोर राहिली. व्हीएचडी प्रकारच्या प्रत्येक आभासी डिस्कच्या शेवटी ५१२ बाइटांचा एक तळटिपेसारखा भाग असतो. त्याचे पहिले आठ बाइट म्हणजे ‘कनेक्टिक्स’ हे नाव. रोमन लिपीत या नावाला नऊ अक्षरे लागतात आणि जागा आठांचीच, म्हणून त्यातला एक ‘एन’ गाळलेला आहे. मी विंडोजवर एक रिकामी डिस्क तयार केली, तिचे शेवटचे ५१२ बाइट वाचले, तर सुरुवातीला हेच नाव होते. बंद पडलेल्या कंपनीच्या शिक्क्याने आजही डिस्का तयार होत आहेत. पेशवाई संपल्यावरही सनदांवरच्या जुन्या मोहोरांवरून हक्क ठरत राहिले, त्याची आठवण यावी असाच हा प्रकार.

त्या ५१२ बाइटांत आणखीही बरेच वाचायला मिळते. डिस्क कोणत्या सॉफ्टवेअरने बनवली ते चार अक्षरांत लिहिलेले असते : व्हर्च्युअल पीसीचे ‘व्हीपीसी’, विंडोजचे ‘विन’. ती कोणत्या प्रणालीवर बनली तेही असते. मॅक असेल तर तसे, आणि विंडोज असेल तर ‘डब्ल्यूआय२के’. हे विंडोज २०००चे लघुरूप आजच्या विंडोजवर बनवलेल्या डिस्कवरही उमटते. निर्मितीची वेळ सेकंदांत लिहिलेली असते, पण मोजणी सुरू होते १ जानेवारी २०००च्या मध्यरात्रीपासून. म्हणजे या फाइलीला स्वतःचा शक आहे. चार बाइटांत मावणारे सेकंद पाहता हा शक २१३६ साली संपेल. शिवाय प्रत्येक डिस्कला १६ बाइटांचा ओळखक्रमांक असतो. व्हर्च्युअल पीसी २००४च्या आधीच्या आवृत्त्यांत हा शेवटचा भाग ५१२ऐवजी ५११ बाइटांचाच असे. आराखड्यात ही गोष्ट मुद्दाम नोंदवलेली आहे, कारण जुनी फाइल वाचणाऱ्याने तो एक बाइट ध्यानात घेतला नाही तर मोहोर सापडणार नाही.

हे सगळे मला वाचता आले याचे कारण ऑक्टोबर २००६मध्ये घडले. मायक्रोसॉफ्टने व्हीएचडीचा आराखडा आपल्या खुल्या वचननाम्याखाली आणला. पेटंटच्या दाव्याची भीती न बाळगता कोणीही त्याप्रमाणे सॉफ्टवेअर लिहावे, असा त्याचा आशय. म्हणूनच आज व्हर्च्युअलबॉक्सला व्हीएचडी उघडता येते. क्यूएमू या मुक्त सॉफ्टवेअरलाही येते, आणि तिथे या प्रकाराचे नाव अजून ‘व्हीपीसी’ असेच आहे. डबलस्पेस आणि व्हीएचडी यांच्यातला माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक हा.

स्थिर, वाढती आणि फेरफाराची

व्हीएचडी डिस्क तीन प्रकारची असते. स्थिर डिस्क म्हणजे २० जीबी मागितले तर २० जीबीची फाइल पहिल्याच दिवशी तयार. तिची रचना अगदी सरळ असते : मूळ डिस्कचे सगळे बाइट ओळीने, आणि शेवटी ते ५१२ बाइट.

वाढती डिस्क निराळी. ती जागा दोन-दोन एमबीच्या गटांत मोजते आणि कोणता गट फाइलीत कुठे ठेवला आहे याचा तक्ता सुरुवातीला ठेवते. प्रत्येक गटाला चार बाइटांची एक नोंद. २० जीबीच्या डिस्कला १०,२४० गट, म्हणून तक्ता ४० केबीचा. न वापरलेल्या गटाच्या नोंदीत सगळे बिट ‘एक’ भरलेले असतात. असा गट वाचायला मागितला तर प्रणाली शून्ये हाती देते. त्यामुळे संगणकाला २० जीबीची वाटणारी ही रिकामी डिस्क नियमानुसार मोजली तर जेमतेम ४२ केबीची भरते. लिहावे तशी ती वाढते. ५१२ बाइटांच्या त्या भागाची एक प्रत अशा फाइलीच्या आरंभीही असते, म्हणजे शेवट बिघडला तरी ओळख पटावी.

तिसरा प्रकार फरकाच्या डिस्कचा. सातबारा आणि फेरफार यांची ओळख असलेल्याला तो लगेच कळेल. मूळ डिस्क तशीच ठेवायची आणि नंतरचे बदल तेवढे दुसऱ्या फाइलीत नोंदवायचे. वाचताना प्रणाली आधी फेरफार पाहते, तिथे नोंद नसेल तर मूळ डिस्कपाशी जाते. या दुसऱ्या फाइलीत मूळ डिस्कचा ओळखक्रमांक लिहिलेला असतो. मूळ हरवले की फेरफाराची फाइल निरर्थक. आणि मूळ डिस्कवर नंतर कोणी काही लिहिले तर दोन्हींचा मेळ तुटतो.

डिस्कपार्ट

डिस्कचे भाग पाडण्यासाठी डॉसमध्ये १९८३पासून एफडिस्क होते. त्याची जागा विंडोज एक्सपीत डिस्कपार्टने घेतली. काळ्या खिडकीत टाइप करून चालवायचे हे साधन. आभासी डिस्का जोडायला २००७च्या सुमारास ‘व्हीएचडीमाउंट’ हे वेगळे साधन मायक्रोसॉफ्टच्या व्हर्च्युअल सर्व्हरबरोबर मिळत असे. पण ती सोय विंडोजच्या गाभ्यात आली ती २२ ऑक्टोबर २००९ रोजी बाजारात आलेल्या विंडोज ७मध्ये. तेव्हा डिस्कपार्टला ‘व्हीडिस्क’ कमांडांचे एक कुटुंबच मिळाले.

रीत अशी आहे. डिस्कपार्ट प्रशासकाच्या अधिकाराने उघडायचे. ‘क्रिएट व्हीडिस्क’ लिहून पुढे फाइलीचे नाव, एमबीमध्ये कमाल आकार आणि प्रकार सांगायचा : स्थिर हवी तर ‘फिक्स्ड’, वाढती हवी तर ‘एक्स्पांडेबल’. आधीची फाइल असेल तर ‘सिलेक्ट व्हीडिस्क’ने ती निवडायची. ‘अटॅच व्हीडिस्क’ने ती संगणकाला जोडायची. डिस्क कोरी असेल तर ‘क्रिएट पार्टिशन प्रायमरी’, ‘फॉरमॅट’ आणि ‘असाइन’ या कमांडांनी तिला भाग, मांडणी आणि अक्षर द्यायचे. काम संपले की ‘डिटॅच व्हीडिस्क’. ‘कॉम्पॅक्ट’ने वाढती डिस्क आवळता येते. ‘एक्स्पांड’ने कमाल आकार वाढतो, मात्र त्याने भांडे मोठे होते, आतला भाग ‘एक्स्टेंड’ने वेगळा वाढवावा लागतो. ‘मर्ज’ने फेरफार मुळात मिसळून टाकता येतात.

जतनाच्या दृष्टीने यातला सर्वांत मोलाचा शब्द ‘रीडओन्ली’ आहे. ‘अटॅच व्हीडिस्क’पुढे तो लिहिला की डिस्क फक्त वाचण्यासाठी जोडली जाते. एरवी विंडोज नुसते डोकावले तरी डिस्कवर आपल्या खुणा ठेवून जाते. अभिलेखागारात रुमाल सोडताना शाईचे पेन जवळ ठेवू देत नाहीत, त्यातलाच हा नियम.

याच गोष्टी चित्रमय खिडकीतून माउसनेही करता येतात. तरी मी टाइप करण्याच्या बाजूचा आहे, आणि कारण इतिहासाचे आहे. माउसच्या टिचकीचा मागमूस राहत नाही. कमांडा मात्र एका साध्या मजकूर-फाइलीत लिहून ‘डिस्कपार्ट’पुढे ‘/एस’ आणि त्या फाइलीचे नाव दिले की क्रमाने पार पडतात. डिस्क कशी बनवली, किती आकाराची, कोणत्या अटींवर जोडली, हे त्या फाइलीत लिहून राहते. पन्नास वर्षांनी कोणी विचारले तर उत्तर देणारा कागद हाच.

पुढची पिढी

व्हीएचडीची मर्यादा सुमारे दोन टीबीची. शिवाय लिहिता लिहिता वीज गेली तर वाढत्या डिस्कचा तक्ता बिघडण्याचा धोका. २०१२मध्ये विंडोज ८ आणि विंडोज सर्व्हर २०१२ बरोबर व्हीएचडीएक्स आले. त्याची मर्यादा ६४ टीबी. बदल करण्याआधी तो एका रोजनाम्यात नोंदवला जातो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी हिशेब जुळवता येतो. इथे कनेक्टिक्सची मोहोर गेली, फाइलीच्या सुरुवातीला ‘व्हीएचडीएक्सफाइल’ असे लिहिलेले असते. हाही आराखडा प्रसिद्ध आहे. त्याच वेळी पॉवरशेलमध्ये ‘न्यू-व्हीएचडी’, ‘माउंट-व्हीएचडी’, ‘कन्व्हर्ट-व्हीएचडी’ अशा कमांडा आल्या. त्यांना हायपर-व्ही हा भाग बसवलेला असावा लागतो. डिस्कपार्टला त्याची गरज नाही.

आज ही वस्तू सर्वत्र आहे आणि म्हणूनच दिसत नाही. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर या दूरस्थ सेवेत बाहेरून डिस्क न्यायची तर ती स्थिर व्हीएचडी असावी लागते. २०२०पासून विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची जी नवी सोय सर्वांना मिळाली, त्यातले अख्खे लिनक्स एका व्हीएचडीएक्स फाइलीत राहते.

आपण काय करावे

मराठी ग्रंथालये, प्रकाशक आणि छापखाने यांच्याकडे जुने संगणक अजून कोपऱ्यात पडलेले असतात. ते भंगारात जाण्याआधी त्यांच्या डिस्कची बाइटागणिक प्रत काढता येते. ती स्थिर व्हीएचडीच्या रूपात ठेवावी, असे माझे मत आहे. जागा जास्त लागते हे खरे. पण स्थिर व्हीएचडी म्हणजे मूळ डिस्क अधिक ५१२ बाइट, एवढेच. उद्या व्हीएचडी हा शब्दही कोणाला माहीत नसला, तरी शेवटचे ५१२ बाइट बाजूला केले की निखळ डिस्क हाती येते. वाढत्या डिस्कला तक्ता वाचता यावा लागतो, फरकाच्या डिस्कला मूळ सापडावे लागते. रोजच्या कामाला ते प्रकार चांगले, जतनाला नाहीत. जुने विंडोज चालवून फाइली पाहायच्या असतील तर मूळ प्रतीला हात न लावता तिच्यावर फरकाची डिस्क बांधावी. विंडोज ज्या खुणा करील त्या फेरफारात जातील, मूळ जसेच्या तसे राहील.

दोन गोष्टी मात्र या फाइलीत येत नाहीत. एक, त्या काळच्या काही सॉफ्टवेअरना संगणकाच्या मागे लावायचे कुलूप लागे, ज्याला डोंगल म्हणत. ते डिस्कवर नसते, म्हणून ते यंत्राबरोबर फेकू नये, नाव लिहून प्रतीजवळ ठेवावे. दुसरी, डिस्क कोणाची, कोणत्या टेबलावरची, तिच्यावर कोणते अंक जुळवले गेले, ही माहिती. ती आज त्या छापखान्यातल्या जुळाऱ्याला तोंडपाठ असते. ती विचारून, दोन ओळींत लिहून, कमांडांच्या फाइलीशेजारी ठेवली पाहिजे. बाइटांची प्रत काढायला एक दुपार पुरते. जुळारी निवृत्त होऊन गावी गेला की ही दुसरी माहिती मिळणार नाही, म्हणून सुरुवात तिच्यापासून करावी.